कॅन्सर नाही म्हणाले, मग आहे काय?

इचलकरंजीत कंबर दुखते म्हणून कुणी सुट्टी घेत नाही. यंत्रमागाजवळ उभा राहणाऱ्याची कंबर दुखायचीच. पण माझे पाय सुजले, लघवी कमी झाली, तेव्हा घरच्यांनी रक्त तपासायला लावलं आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते, चारच्या वर निघालं. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या फुगलेल्या, खडा मात्र कुठेच नाही.

उलगडा सीटी स्कॅनमध्ये झाला. मणक्याच्या पुढे, महाधमनीभोवती जाड थर साचला होता आणि त्याने दोन्ही मूत्रनलिका मधोमध ओढून आवळल्या होत्या. रिपोर्टात लिहिलेलं, 'लिम्फोमा?', म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर. त्या प्रश्नचिन्हाकडे घरात कुणाचं लक्षच गेलं नाही.

आधी दोन्हीकडे मूत्रनलिकेत डीजे स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणाऱ्या बारीक नळ्या, घातले. लघवीला वाट झाली, क्रिएटिनिन उतरलं. (पुतण्यांनी डीजेवरून जेवढी चेष्टा करायची तेवढी करून घेतली.) मग बायॉप्सी, म्हणजे त्या थराचा तुकडा काढून तपासणी. कॅन्सरच्या पेशी नाहीत म्हटल्यावर बायकोने अंबाबाईची ओटी भरली. डॉक्टर मात्र म्हणाले, "काय नाही ते कळलं. काय आहे ते अजून कळायचंय." त्याच तुकड्यावर आणखी तपासण्या केल्या, आणि नाव मिळालं : आयजीजी-४चा आजार. आयजीजी-४ म्हणजे प्रतिकारशक्तीचं एक प्रथिन, अँटिबॉडी.

पॅथॉलॉजिस्टबाईंनी मला मायक्रोस्कोपमधून बघू दिलं. गुलाबी तंतू गरगर फिरत एकमेकांत गुंतलेले, मधे जांभळ्या पेशींची दाटी. जन्म कापड बघण्यात गेलेला. चटईची वीण ओळखायला मला वेळ लागला नाही.

पोटामागचा हा थर ऑर्मंड नावाच्या अमेरिकन यूरॉलॉजिस्टने १९४८ सालीच नोंदवला होता. त्यातल्या बऱ्याच जणांमागे आपलीच प्रतिकारशक्ती असते, हे कळायला पुढचं शतक उजाडलं. २००१ मध्ये जपानच्या शिन्शू विद्यापीठातल्या डॉक्टरांनी स्वादुपिंडाच्या एका आजारात रक्तातलं आयजीजी-४ वाढलेलं दाखवलं. नंतर तोच प्रकार लाळग्रंथींत, पित्तनलिकेत, किडनीत सापडत गेला. गंमत म्हणजे माझं रक्तातलं आयजीजी-४ नॉर्मल होतं. पुष्कळांचं असतं. डॉक्टर नुसत्या रक्तावर विसंबले असते तर मी अजून रांगेतच असतो.

औषध साधं, स्वस्त आणि बदनाम : प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. टीबी आणि कावीळ-बीच्या तपासण्या करून रोज ४० मिलिग्रॅम सुरू झालं. अक्का कोल्हापूरहून धावत आली. "स्टेरॉइड म्हणजे विष, आमच्याकडे एक काढा देतात, चल." काढा राहिला, स्टेरॉइड चाललं. तोंड गरगरीत झालं, शुगर चढली, आणि भूक तर अशी की रात्री दोनला उठून भडंग खायचो. झोप नाहीच. पण कंबरदुखी आठवड्याभरात पळाली. इतक्या झपाट्याने गुण आला की अक्काचा काढ्याचा विषयच संपला.

गोळी कमी करणं हे खरं किचकट काम. बरं वाटतंय म्हणून एकदम बंद करायची सोय नाही. बाहेरून स्टेरॉइड येत असल्याने शरीरातल्या ज्या ग्रंथी ते बनवतात त्या सुस्तावलेल्या असतात. शिवाय आजार परत उलटतो, तो वेगळाच. उलटला तर रिटुक्सिमॅब हे प्रतिकारशक्तीच्या पेशींवर चालणारं औषध, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय. त्याचा खर्च ऐकून दोन माग विकावे लागतील असं वाटलं.

थर आता बराच पातळ झालाय. उजवा स्टेंट निघाला, डावा अजून ठरावीक महिन्यांनी बदलावा लागतो. गोळी ५ मिलिग्रॅमवर आलीय. परवा दाढ काढायला गेलो तर डेंटिस्टला बसायच्या आधीच सगळं सांगितलं. त्याने पहिला फोन माझ्या डॉक्टरांना लावला, मगच चिमटा उचलला.