ऑड्सलच्या पायऱ्यांवर

उत्तर इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डहून मँचेस्टर रोडने बस चढणीला लागते आणि चढ संपतो तिथे ऑड्सल, ब्रॅडफर्ड बुल्स या रग्बी लीग क्लबचं स्टेडियम. बाहेरून स्टेडियम दिसतच नाही. फाटकातून आत शिरलो आणि पायांखाली खोल वाडगा उघडला: तळाशी मैदान, भोवती उतरत गेलेल्या सिमेंटच्या पायऱ्या. 1954 साली वॉरिंग्टन-हॅलिफॅक्स यांच्यातल्या चॅलेंज कप स्पर्धेच्या अंतिम फेरीच्या फेरलढतीला इथे 1,02,569 प्रेक्षकांची अधिकृत नोंद झाली होती. मी 2023 मधल्या एका रविवारी गेलो तेव्हा ब्रॅडफर्ड बुल्स दुसऱ्या श्रेणीत होते आणि कितीतरी पायऱ्या मोकळ्या होत्या.

माझ्या मनात एकच प्रश्न होता. 2011च्या हंगामासाठी बुल्सनी सीझन तिकिटं खूप स्वस्त केली होती. तेव्हा ती घेऊन आलेली माणसं गेली कुठे?

शेजारी लोखंडी कठड्याला पिशवी अडकवून एक आजी उभ्या होत्या. पिशवीत थर्मास आणि घडी घातलेला रेनकोट. "इकडे सरक लव्ह, तिथे वारा लागतो," म्हणाल्या. त्या स्वस्ताईच्या वर्षी शेजारचं अख्खं कुटुंब त्यांच्यासोबत यायचं. पुढे दर वाढले, संघ हरू लागला, आणि ते येईनासे झाले. त्यातली धाकटी मुलगी मात्र अजून येते, खालच्या पायरीवर तिच्या मैत्रिणींच्या घोळक्यात असते. आजींनी बोट दाखवलं.

मला वाटतं, उत्तर तिथेच उभं होतं. स्वस्त तिकीट माणसाला फाटकापर्यंत आणतं. पुढच्या वर्षी तो येतो ते शेजारी कोण उभं आहे त्यावरून. पोरांना जागा, मैत्र आणि घसा फोडून ओरडायला एखादा खेळाडू मिळाला, तरच सवय रुजते.

म्हणून दर कमी ठेवणं चूक, असं मी म्हणणार नाही. हा खेळ जन्मलाच मजुरीच्या प्रश्नातून. शनिवारी खेळायला गेलं की गिरणीत खाडा पडायचा. ती भरपाई मिळावी म्हणून 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेतले क्लब रग्बी युनियनपासून वेगळे झाले. इथल्या घरांचा खिसा ओळखायलाच हवा. पण क्लबचा संसारही चालला पाहिजे. 2012 मध्ये बुल्स बुडायला आले तेव्हा चाहत्यांनी मदतीच्या हाकेला ओ देत पाच लाख पौंडांच्या घरात पैसे उभे केले, तरी त्याच वर्षी क्लब दिवाळखोरीतला कारभार पाहणाऱ्या प्रशासकांच्या हाती गेला. जानेवारी 2017 मध्ये तर क्लब चालवणारी कंपनीच गुंडाळली गेली. नव्याने उभा राहिलेला संघ शिक्षा म्हणून उणे 12 गुणांनी हंगामात उतरला, मग काही काळ ऑड्सल सोडून ड्यूजबरीला खेळला. आजी तिथेही बसने जायच्या.

बुल्सनी कोपऱ्यात ट्राय टाकला, म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवले, तेव्हा आजींनी माझा दंड असा आवळला की थर्मासच्या झाकणातला चहा माझ्या बाहीवर सांडला. खालची मुलगी वळून आमच्याकडे हात हलवत होती.

पुढच्या घरच्या सामन्याला मी लीड्सहून पुन्हा गेलो, पूर्ण दराचं तिकीट काढून. कठड्याला पिशवी लटकलेली होती.