थिनरनं हात पुसू नका

उद्यमनगरात माझ्या भावाचं गाड्या रंगवायचं गॅरेज आहे. काम संपलं की पोरं थिनरमध्ये बोळा भिजवतात, कोपरापर्यंत खसाखसा हात पुसतात आणि तशीच चहाला बसतात. मी अडवलं, तर त्यातला एक म्हणाला, "ताई, साबणानं ह्यो रंग निघतच न्हाई की."

त्याचं खरं आहे. पण मी बारावीला रसायनशास्त्र शिकवते, मला ते बघवत नाही.

तळवे-तळपाय सोडले तर आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर जेमतेम मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्श्याइतका जाड असतो. मेलेल्या पेशी म्हणजे विटा, आणि मधला चुना म्हणजे सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल अशी चरबी. बाहेरचं बाहेर राहतं ते मुख्यतः या चरबीमुळं. थिनरमधलं टोल्युइन, ॲसिटोन नेमकी तीच विरघळवतात. हात पांढरे, कोरडे पडतात ते त्यामुळंच. रंगाची पूड त्यातून सहसा आत जात नाही. भीती आहे ती विरघळलेल्या बारीक रेणूंची. साधारण पाचशे डाल्टनच्या (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं माप) आतले रेणू कातडी ओलांडू शकतात. टोल्युइन फक्त ९२ चं, म्हणजे ते स्वतःच आत शिरतं. रंग घट्ट व्हावा म्हणून त्यात हार्डनर मिसळतात, त्यातल्या आयसोसायनेट या रसायनाची ॲलर्जी एकदा जडली, की पुढं जरासा वास लागला तरी दमा उसळू शकतो.

द्रावक, म्हणजे विरघळवणारा द्रव, काय करू शकतो हे बघायचं तर डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) बघावा. लाकडापासून कागद करताना निघणाऱ्या पदार्थांपासून बनवता येणारा हा द्रव. १९६० च्या दशकात ओरेगॉनचे डॉक्टर स्टॅन्ली जेकब यांनी तो औषध म्हणून पुढं आणला. हाताला लावला तर थोड्याच वेळात तोंडात लसणाची चव येते! हाताला लावलेलं रक्तातून फिरून श्वासात उतरतं. दुसरं औषधही तो सोबत आत नेतो, म्हणून अमेरिकेत गुडघेदुखीच्या डायक्लोफेनॅकच्या द्रावणात तो मुद्दाम घालतात. औषधाच्या बाबतीत काय आत जाणार आणि किती, हे ठरवलेलं असतं. गॅरेजातल्या डब्यात आज काय काय मिसळलंय, हे कुणीच सांगू शकत नाही.

रंग ओला असतानाच गोडंतेल चोळा, चिंधीनं पुसा, मग साबण लावा. वाळलेला रंग तसाच राहू दे, दोन-चार दिवसांत आपोआप जातो. हातमोजे घाला, पण ॲसिटोन नायट्राइल रबराच्या पातळ मोज्यातून काही मिनिटांत आरपार येतं, तेव्हा भिजला की लगेच बदला. भावाला तेलाची बाटली नळाशेजारी ठेवायला लावलीय. थिनरचा डबा मात्र अजून तिथंच आहे, त्यावरून आमचं रोज वाजतं.