जुन्या डीव्हीडी-व्हीसीडीतलं शूटिंग कॉम्प्युटरवर घेताना – माझा अनुभव

घरातल्या सगळ्या जुन्या डीव्हीडी आणि व्हीसीडी कॉम्प्युटरवर घ्यायचं काम नुकतंच उरकलं. ज्या सरळ कॉपी झाल्या त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, पण काही डिस्क अशा अडून बसल्या की काही विचारू नका. ते सगळं लिहून ठेवतेय, कारण घरी बर्न केलेल्या डिस्कमधला डाय (ज्या रंगाच्या थरात डेटा लिहिला जातो तो) वर्षं जातील तसा खराब होतो, उन्हात राहिल्या तर अजून लवकर, त्यामुळे कपाटात अशा डिस्क पडून असतील तर प्लीज आत्ताच काढायला घ्या.

सगळ्यात जास्त पिडलं ते एका डीव्हीडी-आरने, म्हणजे घरी बर्न केलेल्या डीव्हीडीने. तिच्यात आजी गप्पा मारतेय असं शूटिंग आहे आणि त्याची दुसरी कॉपी कुठेच नाही, म्हणजे सोडून द्यायचा प्रश्नच नव्हता. मेन्यू यायचा, सुरुवातीचा भाग मस्त चालायचा, मग चित्राचे चौकोन चौकोन व्हायचे, आवाज तुटायचा आणि प्लेअर हँग. फाइल कॉपी करायला गेलं की 'सायक्लिक रिडंडन्सी चेक'चा एरर, म्हणजे डेटा नीट वाचता येत नाहीये. डीव्हीडीवर डेटा आतून बाहेर लिहिला जातो, म्हणजे शूटिंगचा शेवट बाहेरच्या कडेला येतो, आणि हाताळताना बोटं पण कडेलाच लागतात, त्यामुळे शेवटाकडे अडणं हे फार कॉमन आहे.

आधी डिस्क पुसली. मायक्रोफायबरचं कापड, त्यावर अगदी थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ हात. गोल गोल पुसायचं नाही, कारण ट्रॅकही गोल जातो आणि गोल पुसताना ओरखडा पडला तर तो ट्रॅकच्या बाजूबाजूने लांबवर जातो, तेवढा सलग डेटा गेला की एरर करेक्शनला (वाचताना झालेल्या चुका आपोआप दुरुस्त करायच्या सोयीला) ते झेपत नाही. आडवा ओरखडा त्या मानाने बरा. अजून एक बघून घ्या, सीडीत डेटाचा थर लेबलच्या लगेच खाली असतो, म्हणजे लेबल खरवडलं की डेटा गेलाच. डीव्हीडीत तो 0.6 मिमीच्या दोन चकत्यांच्या मधे असतो, त्यामुळे वरून थोडे ओरखडे असले तरी लगेच घाबरायचं कारण नाही.

पुसून फरक पडला पण पूर्ण नाही. अशा वेळी रिपिंग सॉफ्टवेअर (डिस्कवरचा व्हिडिओ कॉम्प्युटरवर उतरवणारं) परत परत चालवत बसू नये असं माझं ठाम मत आहे. ते खराब जागेवर अडकतं, ड्राइव्ह तिथेच घरघरत राहतो आणि पुढचा चांगला भाग वाचायचा राहूनच जातो. मी लिनक्सवर डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कमधून डेटा वाचवायचा प्रोग्रॅम वापरला. तो आधी जे सहज वाचता येतंय ते सगळं आयएसओ इमेजमध्ये (अख्ख्या डिस्कची एकच फाइल) घेतो, अडलं की उडी मारून पुढे जातो, आणि कुठे काय राहिलं ते एका मॅपफाइलमध्ये लिहून ठेवतो. पहिल्या फेरीत स्क्रेपिंग (खराब जागा बारीक बारीक वाचत बसणं) बंद ठेवायचं, राहिलेल्या जागा नंतर हळूहळू कुरतडायच्या. ब्लॉक साइझ 2048 द्यायची कारण डीव्हीडीचा एक सेक्टर, म्हणजे डेटाचा एक तुकडा, तेवढ्या बाइटचा असतो.

खरा फरक पडला तो ड्राइव्ह बदलल्यावर. लॅपटॉपच्या पातळ ड्राइव्हला जे वाचता आलं नाही त्यातलं बरंच जुन्या डेस्कटॉपच्या ड्राइव्हने वाचलं. मॅपफाइल तीच दिली की नवीन ड्राइव्ह फक्त राहिलेल्या जागाच वाचायला घेतो, पहिल्यापासून काही करावं लागत नाही. मॅप नीट बघितला तर राहिलेली भोकं 32 केबीच्या पटीत दिसत होती. डीव्हीडीत एरर करेक्शन 16 सेक्टरच्या ब्लॉकवर चालतं, ते हरलं की अख्खा ब्लॉक जातो, म्हणून तसं. शेवटी अगदी मोजकेच ब्लॉक उरले, आणि व्हिडिओत ते दिसतात कसे तर साधारण अर्धा सेकंद चित्र फाटतं, पुढची पूर्ण फ्रेम आली की परत स्वच्छ. आजीचं बोलणं सलग ऐकू येतं, मला तेवढंच हवं होतं.

यूएसबी ड्राइव्ह मधेच डिस्कनेक्ट होत असेल तर डिस्कला दोष द्यायच्या आधी हब काढून थेट कॉम्प्युटरला लावून बघा, बऱ्याचदा पॉवर कमी पडत असते.

एकदा इमेज हातात आली की पुढचं सोपं. मेकएमकेव्ही या प्रोग्रॅममध्ये आयएसओ उघडून एमकेव्ही (साधी व्हिडिओ फाइल) करून घेतलं, क्वालिटी आहे तशीच राहते. एका डिस्कची आयएफओ फाइलच (डिस्कवर कुठे काय आहे ते सांगणारी) वाचता येत नव्हती, तेव्हा फाइली हार्ड डिस्कवर घेऊन त्याच नावाच्या बीयूपी फाइलचं एक्स्टेन्शन आयएफओ केलं आणि झालं काम, कारण बीयूपी म्हणजे तिचीच बॅकअप कॉपी असते. व्हीओबी फाइली (डीव्हीडीतला खरा व्हिडिओ यांच्यात असतो) नुसत्या एकाला एक जोडू नका, रेकॉर्डिंग मधे थांबवून परत सुरू केलेलं असेल तर टाइमस्टॅम्प (व्हिडिओतली वेळेची नोंद) तिथे उडी मारतो आणि आवाज ओठांच्या मागे-पुढे होतो. हलताना चित्राला कंगव्यासारख्या रेघा दिसल्या तर ते इंटरलेसिंग, म्हणजे एक फ्रेम एकाआड एक रेघांच्या दोन फील्डमध्ये विभागलेली असते. पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत सेकंदाला 25 फ्रेम म्हणजे 50 फील्ड असतात. हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या प्रोग्रॅममध्ये डीइंटरलेस केलं की त्या रेघा जातात. पण मूळ एमकेव्ही डिलीट करू नका.

रेकॉर्डरवर केलेली एक डिस्क कॉम्प्युटर चक्क रिकामी दाखवत होता. ती फायनलाइज (रेकॉर्डिंग संपल्यावर इतर प्लेअरसाठी बंद करणं) केलेलीच नव्हती, आणि तो रेकॉर्डर आता नाही. आयसोबस्टर या डेटा शोधून काढणाऱ्या प्रोग्रॅमने तिच्यातलं शूटिंग शोधून काढलं.

व्हीसीडीचं वेगळंच. एमपीईजीएव्ही फोल्डरमधली डॅट फाइल प्लेअरवर चालते पण कॉपी होत नाही, कारण व्हिडिओच्या सेक्टरमध्ये जागा वाचवायला एरर करेक्शनचा एक थर काढून टाकलेला असतो आणि एका सेक्टरमध्ये 2324 बाइट व्हिडिओ भरलेला असतो. प्लेअर छोटी चूक गिळून पुढे जातो, कॉपी करणारा प्रोग्रॅम मात्र थांबतो. त्यासाठी व्हीसीडी ओळखणारं सॉफ्टवेअर लागतं, मी व्हीसीडीइमेजरमधलं व्हीसीडीएक्सरिप वापरलं, सरळ एमपीजी फाइल मिळाली. चित्र 352 बाय 288चंच असतं, ते मोठं करून सेव्ह करायच्या फंदात पडू नका, फाइल नुसती फुगते.