निवलं म्हणजे कधी?

चवथीला गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधताना घरातल्या जुन्या वादाचा विषय निघाला, तर दादा म्हणाला, "आता काय राहिलंय त्यात? निवलं ते सगळं." दोरीची गाठ आवळत, वर बघतच म्हणाला. वहिनीनेही मान हलवली आणि दोघं तोरिंगण कुठे टांगायचं ते बोलू लागली.

सावईवेऱ्याहून परत आले, पेपर तपासायला घेतले, पण ते वाक्य काही सुटत नाही. इतक्या सहज बोलला. कुळागराच्या, म्हणजे आमच्या बागायतीच्या, सहीच्या वेळी मी कुठे होते, कशात होते, त्याला ठाऊक आहे. जाऊ दे, ते आज नको.

पण निवलं कधी, हा प्रश्न तरी माझ्यासमोर असा टाकू नये त्याने. माझी अर्धी नोकरी त्यावर गेली. पोरं वर्गात येतात ती खडकाला एकच वय असतं असं धरून. अनमोडच्या घाटातला पट्टिताश्म, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा नाइस खडक, तीनशे कोटी वर्षांहून जुना आहे म्हटलं की वहीत लिहून मोकळी होतात. ते वय खडक घडल्याचं. तो थंड कधी झाला, ते वेगळं शोधावं लागतं, आणि हिमालयासारख्या पर्वतरांगेत तर सगळी गोष्ट त्यातच असते.

अभ्रकात पोटॅशियम असतं. त्यातला अगदी थोडा भाग किरणोत्सारी, पोटॅशियम-40, अर्धायुष्य 125 कोटी वर्षं. त्यातल्या काहीचा अरगॉन वायू होतो. अरगॉन कशाशीच बांधला जात नाही, त्यामुळे खडक तापलेला असेपर्यंत तो स्फटिकातून निसटत राहतो आणि घड्याळ सुरूच होत नाही. पुरेसं निवलं की तो आत अडकतो आणि तिथून वय मोजलं जातं. कुठल्या तापमानाला अडकणार, ते खनिजागणिक वेगळं. हॉर्नब्लेंडमध्ये 500 अंशांच्या आसपास, पांढऱ्या अभ्रकात साधारण 400, काळ्या अभ्रकात 300. अॅपेटाइटमध्ये युरेनियमच्या विखंडनाने पडलेले चरे 110 अंशांच्या खाली आल्यावर टिकू लागतात, आणि त्यातला हेलियम 70 अंशांपर्यंत निसटतच असतो. यामागचं गणित मार्टिन डॉडसन यांनी 1973 साली मांडलं. म्हणून हिमालयातल्या एकाच दगडाला चार-पाच वयं निघतात आणि सगळी खरी असतात. फळ्यावर मी नेहमी हे उदाहरण घेते: पांढरं अभ्रक 2 कोटी वर्षांचं, काळं 1 कोटी 80 लाखांचं, म्हणजे 100 अंश उतरायला 20 लाख वर्षं लागली. वरचा थर पावसापाण्याने झिजला म्हणून उतरला, की एखाद्या भ्रंशावरून, म्हणजे जमिनीतल्या सरकत्या भेगेवरून, खडक उचलला गेला म्हणून, ते एवढ्यावरून कळत नाही.

मग दादा कुठल्या तापमानाचं बोलत होता? कोर्टाच्या फेऱ्या निवल्या, कबूल. सहीसुद्धा निवली असेल. पण आईचं कपाट मला न कळवता उघडलं, ते अजून 70 अंशांच्या वरच आहे. ते निवलं की नाही, हे मला कुणी विचारलं? या घरात मला विचारायची पद्धतच नाही. आधी बाबा, मग तो. आणि मीही दर चवथीला नेवऱ्यांचा डबा घेऊन जाते आणि हसत परत येते.

हे इथवर लिहून उद्याच्या तासाचे नमुने काढले. त्यात ते काळं अभ्रक आहे. टाचणीने एक पापुद्रा सोडवून दिव्यासमोर धरला: चहाच्या रंगाचा, कडेला जरा वाकलेला, कुठे डाग नाही. त्याचा आलेखही तसाच. अणुभट्टीतून आणलेला नमुना टप्प्याटप्प्याने तापवायचा, दर टप्प्याला निघालेल्या वायूवरून वय काढायचं. सगळ्या टप्प्यांना एकच वय, रेघ सपाट. यापेक्षा भरवशाचं काय असणार? पण ते वय त्याच दगडातल्या पांढऱ्या अभ्रकापेक्षा जास्त आहे, आणि तसं होता कामा नये, काळं नंतर बंद होतं. आजूबाजूच्या खडकांतून आलेला परका अरगॉन त्यात मुरलाय. काळ्या अभ्रकात हे बऱ्याचदा घडतं, आणि नुसती त्याची रेघ बघून कळत नाही. शेजारचं खनिज मोजावं लागतं.

आई शेवटी शेवटी रोज रात्री फोन करायची. दादा असं म्हणाला, वहिनीने तसं केलं. मी ऐकून घ्यायचे, मध्ये बोलायचे नाही. कपाटाचा हा एवढा राग, त्यातला माझा किती? मला तर तो पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा, स्वच्छ वाटतो. कुठेच वाकडा नाही.

बरं, असेल मुरलेला. म्हणून आईचं सगळं खोटं ठरत नाही, आणि दादाही लगेच खरा ठरत नाही. पण माझ्या एकटीच्या मोजण्यावर हे सुटायचं नाही, एवढं आता दिसतंय.

पोरांना उद्या हाच आलेख दाखवते, दोन्ही अभ्रकांचा, एकाखाली एक. दरवर्षी तो वगळून पुढे जायचे. आणि संध्याकाळी दादाला फोन करायचा. कपाटाचं नाही काढायचं. आई त्याच्यापाशी माझ्याबद्दल काय बोलायची, ते विचारायचं.