मेडिकलची तारीख उलटी मोजा

व्हिसाचं मेडिकल म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम, म्हणून मुंबईतून परदेशी शिकायला जाणारी मुलं ते शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. एक्स-रे स्वच्छ निघाला तर ते खरंच तेवढंच असतं. छातीत डाग दिसला की मात्र गणित फिरतं.

भारतातून ६ महिन्यांहून जास्त काळासाठी ब्रिटनला जायचं, तर टीबीची तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातूनच हवी. फॅमिली डॉक्टरचा रिपोर्ट चालत नाही. डागाची शंका आली की थुंकीचे ३ नमुने, लागोपाठ ३ सकाळी, केंद्रात जाऊन. तोंडातली लाळ उपयोगाची नाही, खोल खोकून काढलेला बेडका लागतो. चिपळूण-नाशिकहून येणाऱ्यांनी मुक्कामाची सोय धरूनच निघावं. पुढे कल्चर, म्हणजे नमुन्यातला जंतू लॅबमध्ये वाढतो का ते पाहणं. टीबीचा जंतू महा आळशी, एकाचे दोन व्हायला त्याला १५ ते २० तास लागतात. त्यामुळे निकालाला ८ आठवड्यांपर्यंत लागू शकतात आणि जास्त पैसे मोजून ते कमी होत नाहीत. सप्टेंबरचा प्रवेश असेल तर जुलैअखेरचा एक्स-रे म्हणजे जुगार. सर्टिफिकेट ६ महिने चालतं, तेव्हा मे महिना बरा.

नसता डाग दिसू नये म्हणून केस उंच बांधा. ओली वेणी खांद्यावर आली की तिची सावली फुफ्फुसाच्या वरच्या टोकावर पडते, आणि टीबी शोधतात तोही नेमका तिथेच. पावसाळ्यात हे हमखास होतं. साखळी, मंगळसूत्र काढावंच लागतं. पूर्वी टीबी झाला असेल तर जुन्या फिल्म आणि उपचार पूर्ण झाल्याचा कागद न्या. थुंकी टळेलच असं नाही, पण डॉक्टरला तुलना करता येते.

ऑस्ट्रेलियासाठी आधी एचएपी आयडी, म्हणजे मेडिकलसाठीचा ओळख क्रमांक काढा, मग अपॉइंटमेंट. कॅनडाचं मेडिकल अर्जाआधीही करता येतं. दोन्हीकडे पॅनेलचाच, म्हणजे त्या देशाने नेमलेल्या यादीतलाच डॉक्टर लागतो आणि तो निकाल थेट ऑनलाइन पाठवतो. लघवीची तपासणी असेल तर पाळीचे दिवस टाळा आणि आदल्या दिवशी जिममध्ये जोर काढू नका. रक्त किंवा प्रोटीन दिसलं की पुन्हा फेरी.

अमेरिकेच्या एफ-१ या विद्यार्थी व्हिसाला सहसा मेडिकल नसतं, पण विद्यापीठं एमएमआरच्या (गोवर, गालगुंड, रुबेलाची लस) २ डोसांची नोंद मागतात. लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड आईच्या कपाटात शोधायला घ्या.

आणि कुठेही जा, पासपोर्ट मूळ हवा. झेरॉक्सवर परत पाठवतात.