सबवूफरची निवड, भाग ३: १२ इंची पोर्टेडचा बेत बारगळला

मागच्या वेळी लिहिलं होतं की १२ इंची पोर्टेड सब (सबवूफर, म्हणजे फक्त खालचे, बासचे सूर वाजवणारा स्पीकर; पोर्टेड म्हणजे खोक्याला हवेचं भोक असलेला) जवळपास पक्का झालाय, तर ते आता विसरा. घ्यायच्या आधी एका मित्राचा जुना १० इंची सील्ड (पूर्ण बंद खोक्याचा) सब आठवडाभर मागून आणला, म्हटलं निदान फरक तरी कळेल, आणि पहिल्याच संध्याकाळी डोकं फिरलं. बास गिटारचे वरचे सूर एकदम ठणठणीत, पण सगळ्यात खालची ई ची तार वाजली की सूर गायब! उठून मागच्या भिंतीपाशी गेलो तर तोच सूर छातीवर आदळतोय.

आधी वाटलं १० इंचीचा दम संपला, आणि खरं सांगायचं तर मोठा घ्यायला निमित्त मिळालं म्हणून मनातून खूशच झालो होतो. मग टेप काढून खोली मोजली. लांबी ४.३ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, त्याला लांबीच्या दुपटीने भागलं की येतात ४० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४० कंपनं. या सुराची लाट पुढच्या-मागच्या भिंतींमध्ये अडकून उभी राहते, आणि ती ई ची खुली तार आहे ४१ ची! त्यात माझा सोफा खोलीच्या बरोब्बर मधोमध, जिथे या लाटेचा दाब जवळजवळ शून्य असतो. म्हणजे १८ इंची आणला असता तरी सूर गायब होण्याचा हा खड्डा तिथेच राहिला असता. इक्वलायझरने (ठरावीक सुरांचा आवाज कमी-जास्त करायची सोय) उचलायचा प्रयत्न पण करून झाला, १० डेसिबल वाढवायचे म्हणजे अँपकडून दहापट पॉवर मागायची, आणि एवढं करून खड्डा काही भरत नाही. उंचवटे, म्हणजे खोलीत जास्तच जोरात येणारे सूर, मात्र इक्वलायझरने छान कापता येतात.

सोफा साधारण ६० सेंटीमीटर मागे सरकवला आणि सूर परत आला. नंतर सब उचलून सोफ्यावर ठेवला आणि मी कान जमिनीलगत ठेवून खोलीभर रांगलो, जिथे बास सगळ्यात सपाट ऐकू आला तिथे सब ठेवायचा (घरच्यांनी याचा व्हिडिओ काढलाय, मागू नका). अजून एक वेडेपणा म्हणजे रिसीव्हरवर क्रॉसओव्हर (ज्या सुराखालचा आवाज सबकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झला आणि सबच्या मागचं बटण पण ८० लाच ठेवलं होतं, म्हणजे दोनदा गाळणी लागत होती, आता सबवरचं पूर्ण वर फिरवून टाकलंय.

आता सील्ड की पोर्टेड? पोर्टेड त्याच्या ट्यूनिंगच्या (ज्या सुराला ते भोक जुळवलेलं असतं त्याच्या) आसपास जास्त जोरात वाजतो हे मान्य, सिनेमाच पाहणाऱ्याने तोच घ्यावा. पण ट्यूनिंगच्या खाली तो ऑक्टेव्हला (कंपनं निम्मी झाली की एक ऑक्टेव्ह खाली) २४ डेसिबलने कोसळतो, सील्ड १२ ने उतरतो, आणि छोट्या बंद खोलीत अगदी खालच्या सुरांना खोलीचीच थोडी मदत मिळते. मी नव्वद टक्के गाणी ऐकतो. म्हणून आता एक मोठा घेण्यापेक्षा दोन १० इंची सील्ड, एक पुढच्या भिंतीच्या मध्यावर आणि एक मागच्या, असं ठरवलंय, कारण समोरासमोर ठेवले की लांबीची ती ४० ची लाट मुळात उठतच नाही. निदान गणित तरी तसं सांगतं, दुसरा हातात आला की मोजून आलेख टाकतो.

तोवर रूम ईक्यू विझार्ड या खोलीतला आवाज मोजायच्या सॉफ्टवेअरमधून एकेक सूर सोडून बघतोय. कपाटाचं काचेचं दार ५४ हर्ट्झला खडखडतं, त्याला आज फेल्टच्या टिकल्या लावल्या, आता ते गप्प आहे आणि वरचा फोटोफ्रेम सुरू झालाय.