कापलेल्या मुलाखती

गेले पंधरा-वीस दिवस रात्री जेवणं उरकली की मी लॅपटॉप उघडून एकच गोष्ट वाचत बसते, अमेरिकेतल्या महामंदीवरच्या मुलाखती. १९२९ नंतरची ती मंदी. हेन्री हॅम्पटन आणि त्यांची बोस्टनची ब्लॅकसाइड कंपनी, यांनी त्यावर सात भागांची डॉक्युमेंटरी सिरीज केली होती, 'द ग्रेट डिप्रेशन', १९९३ ला तिथल्या पीबीएस या सार्वजनिक टीव्हीवर लागली. सिरीज चांगलीच आहे, पण मला खिळवून ठेवलंय ते तिच्या मागे उरलेल्या सामानाने. हॅम्पटन १९९८ ला गेले आणि त्यांचा सगळा संग्रह सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत आला, ते स्वतः तिथंच शिकलेले. फिल्मचे डबे, ऑडिओ टेप, रिसर्चचे कागद, आणि मुलाखती पूर्णच्या पूर्ण, जशा घेतल्या तशा. त्या टाइप करून ऑनलाइन ठेवल्यात, कुणीही वाचाव्यात.

मी एडिटिंग करते त्यामुळे मला त्यातल्या कंसातल्या नोंदीसुद्धा वाचाव्याशा वाटतात. कॅमेरा रोल अमुक, साऊंड रोल तमुक. १६ एमएमचा चारशे फुटी रोल अकरा मिनिटांत संपतो, म्हणजे म्हातारं माणूस साठ वर्षांपूर्वीचं काहीतरी आठवून सांगतंय, आवाज लागलाय, आणि रोल संपला की सगळ्यांनी थांबायचं, नवा रोल चढेपर्यंत ते माणूस तसंच बसून राहणार, आणि मग परत तिथूनच सुरू. टीव्हीवर यातलं काहीच दिसत नाही, दिसतात ती वीस-तीस सेकंदं.

७ मार्च १९३२ ला डेट्रॉइटचे बेकार कामगार मोर्चा घेऊन डिअरबॉर्नला फोर्डच्या रिव्हर रूज कारखान्यावर गेले होते. कडाक्याची थंडी, त्यात अश्रुधूर, वर फायर ब्रिगेडच्या पाइपने पाणी, आणि मग गोळ्या. चार जण गोळ्यांनी गेले, पाचवा काही महिन्यांनी गेला आणि त्याला बाकीच्या चौघांच्या शेजारी पुरू दिलं नाही, कारण तो काळा होता. हे वाचल्यावर मी त्या रात्री पुढं काही वाचूच शकले नाही.

पण मला सगळ्यात जवळचं वाटलं ते कापसाचं. १९३३ मध्ये भाव चढावा म्हणून सरकारने शेतकऱ्यांना उभी कपाशी नांगरायला लावली, जवळपास एक कोटी एकर. त्याचे पैसे मालकाच्या हातात, आणि वाट्याने शेत कसणाऱ्यांपर्यंत त्यातलं बऱ्याचदा काही पोचलंच नाही, उलट पीकच कमी म्हटल्यावर कितीतरी कुटुंबांना जमिनीवरून हाकलून दिलं. (पुढच्याच वर्षी आर्कान्सामध्ये टायरॉन्झाजवळ अकरा गोरे आणि सात काळे एकत्र बसले आणि त्यांनी कुळांची युनियन काढली, त्या काळात त्या भागात!) तिथले लोक सांगायचे की नांगराची खेचरंच अडून बसायची. जन्मभर त्यांना शिकवलेलं की दोन ओळींच्या मधून चालायचं, झाडावर पाय द्यायचा नाही, आणि आता तोच मालक झाडावरून चाल म्हणतोय. आमच्याकडं कोळपताना बैलाला मुसकं बांधतात, पिकाला तोंड लावू नये म्हणून, त्यामुळे ते अडलेलं जनावर मला डोळ्यासमोर दिसतं.

हे सगळं लिहायचं कारण माझी आत्या. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. सुकडी खाल्लेली, अमेरिकेहून आलेली ती लाल मिलो ज्वारी खाल्लेली, मिलोचं नाव काढलं की अजून तोंड वाकडं करायची. २०१४ ला मी तिला अंगणात बसवून एक तास पन्नास मिनिटं शूट केलं आणि त्यातली चार मिनिटं एका छोट्या फिल्ममध्ये वापरली. पुढच्या शूटला कॅमेऱ्याची मेमरी कार्डं लागणार होती. कॉपी केली नाही, बाकी सगळं मी स्वतःच्या हाताने पुसलं. आत्या २०१९ ला गेली.

"एवढं सगळं कुणाला पायजे गं?" असं ती मधेच विचारायची, मी म्हणायचे, मला पाहिजे.

काल ती चार मिनिटं परत बघितली. दगड उडू नये म्हणून जुन्या ट्यूबची कडी करून त्यात तो कसा धरायचा हे ती शेवटी सांगत होती, आणि सांगता सांगता दोन्ही हात वर आणते, डावा गोल करून, उजव्यात हातोडी धरल्यासारखी मूठ. हात छातीपर्यंत येतात आणि तिथं मी कट मारलाय.